तिसऱ्यांची स्पगेटी: वाळू न लागता, रबर न होता, वाळू काढून झाल्यावर पाऊण तासात

तिसऱ्या घालून केलेला पास्ता घरी बिघडतो तो ठरावीक तऱ्हांनीच. दाताखाली वाळू कचकचते. तिसऱ्या चिवट होऊन शिंपल्यांना चिकटून बसतात. पास्ता एकीकडे कोरडा आणि पाणी ताटाच्या तळाशी वेगळं. किंवा सगळं इतकं खारट की दुसरा घास घ्यावासा वाटत नाही. मग पुढच्या वेळी लोक त्यात क्रीम घालतात, चीज घालतात, चवीचा पास्ता मसाला घालतात. यातल्या कशाचीही गरज नाही.

इटलीत नेपल्सकडे हा पदार्थ ज्या साध्या रीतीने करतात, म्हणजे टोमॅटो न घालता, तीच रीत इथे दिली आहे. त्यात वेगळा सॉस नसतोच. तिसऱ्या उघडताना जे पाणी सोडतात तोच रस्सा. आपल्याकडे एकशिपी करणाऱ्या बायका तिसरी फोडताना खाली भांडं धरतात, कारण चव त्या पाण्यात असते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. इथेही तेच. पुढची प्रत्येक पायरी हे पाणी स्वच्छ राखण्यासाठी, ते वाया न जाऊ देण्यासाठी आणि शेवटी ते पास्त्याला धरून राहावं यासाठी आहे.

## साहित्य, दोघांच्या पोटभर जेवणासाठी

- अख्ख्या, जिवंत तिसऱ्या: पाऊण किलो
- स्पगेटी: १८० ग्रॅम
- एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल: ४ मोठे चमचे, शिवाय शेवटी घालायला १ चमचा
- लसूण: ५-६ मध्यम पाकळ्या
- सुकी लाल मिरची: १, बिया झटकलेली
- कोरडी व्हाइट वाइन: ८० मिली (नसली तरी चालतं, पुढे सांगितलं आहे)
- पार्सली: मूठभर, पानं आणि देठ वेगळे
- मीठ: फक्त पाण्यात घालायला

स्पगेटीच्या पाकिटावर घटक वाचा. ड्युरम गव्हाचा रवा असंच लिहिलेलं हवं. मैदा मिसळलेली स्पगेटी स्वस्त पडते, पण ती या पदार्थात टिकत नाही. इथे पास्ता शेवटची दोन-तीन मिनिटं कढईत ढवळला जातो आणि मैद्याच्या शेवया तेवढ्यात तुटून लगदा होतात.

तेलाचंही तसंच. पोमेस ऑलिव्ह तेल (ऑलिव्हच्या उरलेल्या चोथ्यातून काढलेलं) तळायला ठीक, पण इथे तेल चवीसाठी आहे. पार्सली मिळाली नाही तर सेलरीची चार पानं बारीक चिरून घाला, किंवा काहीच घालू नका. कोथिंबीर घातली की चव थेट आपल्या सुक्क्याकडे वळते. तो पदार्थ मला फार आवडतो, पण तो हा नव्हे.

## १. बाजारात: अख्ख्या घ्या, फोडून घेऊ नका

कोळणीकडे वाटा घेतला की ती आपणहून विचारते, फोडून देऊ का? या वेळी नको म्हणा. फोडलेल्या तिसरीचं पाणी तिच्या पाटीतच राहतं आणि रस्सा तिथेच संपतो. फ्रीझरमध्ये ठेवून तोंड उघडायची घरगुती युक्तीही इथे वापरू नका. त्याने तिसरी मरते, आणि मेलेली तिसरी वाळू बाहेर टाकत नाही.

निवडताना मिटलेल्या घ्या. थोडी उघडी दिसली तर तिच्या शिंपल्यावर टिचकी मारून पाहा. हळूहळू का होईना, मिटली तर ती जिवंत आहे. मिटली नाही तर सोडून द्या. वास समुद्राचा हवा. आंबूस किंवा गटारासारखा वास आला तर वाटाच घेऊ नका.

घरी आणताना प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधू नका, तिसऱ्या आत गुदमरतात. लगेच करायच्या नसतील तर ओल्या फडक्याखाली, उघड्या भांड्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आणलेल्या दिवशीच संपवा.

सावधान: तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, त्यामुळे खाडीतली घाणही त्यांच्या पोटात साठते आणि कितीही धुतलं तरी ती जात नाही. शहराचं सांडपाणी जिथे येतं तिथल्या तिसऱ्या घेऊ नका. भर पावसात तर कोळंबीच बरी, तिची कृती शेवटी दिली आहे.

## २. वाळू काढणे: काम तिसऱ्यांचं, वेळ तुमचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि बहुतेक चुका घाईपोटी नव्हे तर स्वच्छतेच्या हौसेपोटी. लोक तिसऱ्या नळाच्या गोड्या पाण्यात तासभर भिजत घालतात. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी मारक असतं. ती तोंड मिटून घेते, वाळू आतच राहते, आणि फार वेळ झाला तर मरते.

पाणी खारं हवं. १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे. समुद्राचं पाणी साधारण ३५ ग्रॅमचं असतं, आपल्या बऱ्याच तिसऱ्या खाडीच्या तोंडाजवळच्या असतात, म्हणून ३० पुरतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर फिल्टरचं पाणी घ्या. मीठ पूर्ण विरघळल्यावरच तिसऱ्या सोडा.

आधी तिसऱ्या वाहत्या पाण्याखाली हातांनी एकमेकींवर घासून बाहेरचा चिखल काढा. मग पसरट भांड्यात चाळण ठेवा आणि चाळणीत तिसऱ्या एका थरात पसरा. पाणी त्यांच्या जेमतेम डोक्यावर येईल एवढंच. खोल पाण्यात ढीग घातला तर तळच्या तिसऱ्यांना हवा पुरत नाही. चाळण अशासाठी की टाकलेली वाळू खाली पडते आणि तिसऱ्या ती परत ओढून घेत नाहीत.

वरून ताटली अर्धवट झाका आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. उन्हाळ्यात भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली हळूच उचलून पाहिलंत तर शिंपल्यांच्या फटीतून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या दिसतील, आणि मधूनच पाण्याची चिळकांडी ओट्यावर उडेल. याचा अर्थ पाणी त्यांना मानवलं आहे.

दोन तास द्या. तासाभराने पाणी बदला, नवं पाणीही तेवढंच खारं. तळाशी वाळू दिसणं बंद झालं की काम झालं.

तपासा: तासभर झाला तरी एकही नळी बाहेर नाही? बहुधा मीठ कमी पडलं आहे किंवा पाणी फार थंड आहे. नवं पाणी करा आणि पुन्हा वेळ द्या.

बाहेर काढताना चाळण वर उचला. भांडं चाळणीत ओतू नका, नाहीतर दोन तासांची सगळी वाळू परत अंगावर.

आता एक कंटाळवाणं पण फार मोलाचं काम उरतं. प्रत्येक तिसरी बोटभर उंचीवरून लाकडी पोळपाटावर टाकायची. जिवंत तिसरीचा आवाज भरीव, दगडासारखा येतो आणि ती मिटलेलीच राहते. काही शिंपल्या मात्र आतून मेलेल्या असतात, मांस नसतं, नुसता काळा चिखल ठासून भरलेला असतो. त्या बाहेरून अगदी चांगल्या दिसतात, पण आपटल्यावर बद्द वाजतात किंवा उघडतात. इटलीतले स्वयंपाकीही हे करतात. पाऊण किलो तपासायला दहा मिनिटं लागतात, आणि चिखलाची एकच शिंपली सुटली तर सगळा रस्सा फेकावा लागतो. ही पायरी गाळू नका.

## ३. चूल पेटवण्याआधी

इथून पुढे सगळं भराभर चालतं, तेव्हा हातासरशी मांडून ठेवा. लसणाच्या दोन पाकळ्या नुसत्या ठेचा, उरलेल्यांचे पातळ काप करा. पार्सलीची पानं बारीक चिरा, देठ ठेचून ठेवा. घट्ट झाकणाचं रुंद भांडं तिसऱ्यांसाठी, मोठी कढई किंवा २८-३० सेंटिमीटरचं पॅन पास्त्यासाठी, पातेलं पाण्यासाठी. शिवाय गाळणीवर दुहेरी मलमल किंवा धुतलेला जुना सुती रुमाल. साबणाचा वास असलेलं कापड नको.

ताटंही गरम पाण्याने धुऊन, पुसून ठेवा. थंड स्टीलच्या ताटात हा पास्ता दोन मिनिटांत गोळा होतो.

## ४. पास्त्याचं पाणी

पातेल्यात दीड लिटर पाणी आधणाला ठेवा. एरवी पास्त्याला लिटरमागे १० ग्रॅम मीठ घालतात. इथे निम्मं घाला, म्हणजे दीड लिटरला सपाट दीड लहान चमचा. खारटपणा तिसऱ्या आणणारच आहेत. पाणीही मुद्दाम जरा कमी घेतलं आहे, पास्त्याचा स्टार्च त्यात दाट उतरावा म्हणून. तो पुढे रस्सा बांधायच्या कामी येतो.

या पाण्यात तेल घालू नका. तेलाने पास्ता मोकळा होत नाही, फक्त तुळतुळीत होतो आणि मग रस्सा त्याला धरत नाही. सुरुवातीची दोन मिनिटं ढवळत राहिलं की तो चिकटत नाही.

पाण्याला आधण येऊ द्या, पण पास्ता अजून सोडू नका. तिसऱ्या थांबू शकतात, पास्ता थांबत नाही. म्हणून आधी तिसऱ्या.

## ५. तिसऱ्या उघडणे

रुंद भांडं कोरडंच मोठ्या आचेवर चांगलं तापवा. त्यात तिसऱ्या, ठेचलेला लसूण, पार्सलीचे देठ आणि वाइन एकदम घाला आणि लगेच झाकण लावा. नाशिककडची कोरडी सोव्हिन्यों ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ इथे छान लागते. गोडसर वाइन नको. वाइन वापरायची नसेल तर तीन चमचे पाणी घाला आणि शेवटी थोडं लिंबू पिळा. व्हिनेगर मात्र नको, त्याचा आंबटपणा समुद्राची चव खाऊन टाकतो.

दीड मिनिटाने झाकण धरून भांडं हलवा, मग पाहा. ज्यांची तोंडं उघडली त्या चिमट्याने उचलून वाडग्यात काढत जा. सगळ्या एकाच क्षणी उघडत नाहीत. शेवटचीची वाट पाहत पहिलीला भांड्यात ठेवलं तर ती रबर होते, आणि घरोघरी तिसऱ्या चिवट होतात त्या याच कारणाने. एकंदर ३ ते ५ मिनिटांत काम होतं.

तपासा: मांस टपोरं, ओलसर आणि शिंपल्याएवढं भरलेलं दिसायला हवं. आक्रसून सुपारीएवढं झालं असेल तर जास्त शिजलं.

सावधान: शेवटपर्यंत न उघडलेल्या टाकून द्या, सुरीने उचकटू नका. गरोदर बाई, लहान मूल, वृद्ध किंवा यकृताचा आजार असलेलं कोणी जेवायला असेल तर त्यांना ही जेमतेम शिजवलेली तिसरी देऊ नका. त्यांच्यासाठी पूर्ण शिजवलेली कोळंबी करा. शिंपल्यांची ॲलर्जी आहे का हेही पाहुण्यांना आधी विचारा.

आता भांड्यात जे उरलं तेच तुमचं धन. फिकट राखाडी, धुरकट पाणी, साधारण वाटीभर. ते पाच मिनिटं तसंच निवू द्या, मग कापडातून अगदी सावकाश गाळा आणि तळाचा शेवटचा चमचाभर भाग भांड्यातच सोडा. बारीक वाळू असते ती तिथेच असते. त्या चमचाभराचा लोभ करू नका.

गाळलेलं पाणी चाखा. बहुतेकदा ते बरंच खारट लागतं, आणि पुढे कशातही मीठ का घालायचं नाही हे तुम्हाला तिथेच कळेल.

## ६. पास्ता सोडणे, आणि त्या वेळात लसूण

उकळत्या पाण्यात स्पगेटी सोडा. मोडू नका, अर्ध्या मिनिटात ती मऊ होऊन आपोआप खाली बसते. पाकिटावर ९ मिनिटं असतील तर ७ मिनिटांचा गजर लावा. पाकिटावरचा वेळ ही शेवटची हद्द समजा, कारण उरलेलं शिजणं कढईत व्हायचं आहे.

या सात मिनिटांत दोन कामं. निम्म्या तिसऱ्यांचं मांस शिंपल्यांतून सोडवून घ्या, उरलेल्या शिंपल्यांसकट ठेवा. सगळ्याच शिंपल्यांसकट ठेवल्या तर खाताना पास्त्यापेक्षा टरफलंच जास्त हाताला लागतात.

दुसरं काम लसणाचं. कढईत थंड तेल, त्यात लसणाचे काप आणि मोडलेली मिरची, आणि मग मंद आच. आपण फोडणीसाठी तेल कडकडीत तापवतो, ती सवय इथे बाजूला ठेवा. तापल्या तेलात लसणाच्या कडा करपतात आणि आत कच्चा राहतो. थंड तेलातून सुरू केलं की चव सावकाश तेलात उतरते. काप कडेने सोनेरी व्हायला लागले, तपकिरी नव्हे, की गाळलेलं पाणी ओता. लसूण करपला तर तेल फेकून पुन्हा करा. करपलेल्या लसणाचा कडवटपणा झाकता येत नाही.

पाणी ओतल्यावर आच मोठी करा आणि दोन मिनिटं उकळा. फार पातळ वाटलं तर थोडं आटवा, पण चाखत चाखत, कारण आटलं की खारटपणाही वाढतो.

## ७. कढईत मिळून येणे

सात मिनिटं झाली की स्पगेटीचं एक टोक तोडून पाहा. मधोमध पांढरा बारीक ठिपका दिसला पाहिजे, भातात कणी राहते तशी. आधी पास्त्याचं पाणी दोन वाट्या काढून ठेवा. मग चिमट्याने स्पगेटी पाण्यातून उचलून थेट कढईत टाका, पाणी निथळत असू द्या. चाळणीत ओतून थंड पाण्याखाली धुण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळली आहे. नूडल्ससाठी ती ठीक असेल, इथे तिने रस्सा बांधणारा सगळा स्टार्च मोरीत जातो.

मोठ्या आचेवर, अर्धी वाटी पास्त्याचं पाणी घालून, सतत हलवत राहा. चिमट्याने उचला, फिरवा, सोडा. कढई हेलकावता येत असेल तर उत्तमच. दोन-अडीच मिनिटांत पास्ता रस्सा पितो, आणि तेल व पाणी वेगळं न राहता एकत्र मिळून येतं. पारदर्शक पाण्याचा रंग दुधट होतो, बुडबुडे लहान आणि दाट होतात. कोरडं वाटलं तर आणखी पाणी, दोन-दोन चमच्यांनी. खारटपणा जास्त वाटला तर साधं गरम पाणी घाला, पास्त्याचं नको.

तपासा: कढई कलती करा. खाली पाण्यासारखा ओघळ धावला तर अजून हलवा. दाटसर रस संथ सरकला तर झालं. स्पगेटी चावून पाहा, आतली कणी गेलेली हवी, पण शेव दाताला जाणवायला हवी.

आता गॅस बंद. तिसऱ्या, वाडग्यात साचलेलं पाणी, चिरलेली पार्सली आणि चमचाभर कच्चं ऑलिव्ह तेल घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. तिसऱ्या गरम होण्यापुरत्याच जातात, पुन्हा शिजवायच्या नाहीत. वाडग्यातलं पाणी घालताना तळाचे शेवटचे थेंब इथेही सोडा.

कढईत किंचित पातळ दिसेल असंच बंद करा. ताटात जाईपर्यंत पास्ता आणखी रस ओढतो. आणि चीज किसू नका. इटलीत या पदार्थावर चीज घालत नाहीत, आणि त्यामागचं कारण चवीचंच आहे. तिसऱ्यांच्या पाण्याची नाजूक खारट गोडी त्या दाट, खारट चीजखाली पुरती दबून जाते.

लगेच वाढा. जेवणारे ताटावर बसल्यावर पास्ता कढईत घाला, आधी नाही. टेबलावर टरफलांसाठी एक रिकामं भांडं ठेवा.

## कोळंबी असेल तर

३५० ग्रॅम मध्यम कोळंबी डोक्यासकट आणा. तिसऱ्यांचं पाणी इथे नसतं, म्हणून रस्सा टरफलांतून काढायचा. सोलून, पाठीवरचा काळा दोरा काढा. डोकी आणि टरफलं चमचाभर तेलात लाल होईतो परता, डोकी पळीने दाबून आतला केशरी रस सोडवा, दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा आणि गाळा. हा रस्सा पाचव्या पायरीतल्या पाण्याच्या जागी वापरा. तो खारट नसतो, म्हणून पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीइतकं, लिटरमागे १० ग्रॅम.

सोललेली कोळंबी आधी लसणाच्या तेलात दोन्ही बाजूंनी मिळून तीन मिनिटं परतून बाजूला काढा. आतून पारदर्शकपणा गेला आणि ती चंद्रकोरीइतकी वळली की बास. पूर्ण वेटोळं झालं म्हणजे जास्त शिजली. शेवटी तिसऱ्यांसारखीच गॅस बंद करून घाला.

## जास्त माणसं असतील, किंवा उरलं तर

एका कढईत २५० ग्रॅमपेक्षा जास्त पास्ता हलवता येत नाही आणि रस मिळून येत नाही. चौघांसाठी तिसऱ्या एकदमच उघडून पाणी गाळून ठेवा, पण सहावी आणि सातवी पायरी दोनदा करा. दुसऱ्या खेपेला तेच पास्त्याचं पाणी वापरा, ते आणखी दाट झालेलं असतं.

उरलेला पास्ता बाहेर ठेवू नका. तासाभरात फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपवा. तिसऱ्या काढून घ्या, पास्ता दोन चमचे पाणी घालून तव्यावर झाकण ठेवून वाफ येईपर्यंत गरम करा, मग तिसऱ्या घालून त्याही पूर्ण गरम होऊ द्या. त्या थोड्या चिवट लागतील. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, तिथे तिसऱ्या फुटून उडतात.